आमची हायस्कुलातली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात आपल्या चिटणीसबाई दळण घेऊन गिरणीवर आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचं. विषय हायस्कुलातली मुलं." मी म्हटले, "अहो, माझी सातवी झालेली. हायस्कूलची पायरी मी विद्यार्थिनी म्हणून कधी चढले नाही." त्या म्हणाल्या, "पण रोज दोनदा ती सगळी पलटण तुमच्या गिरणीवरून जाते. आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त पाहिलंय." हे मात्र खरे होते. म्हणून उभी राहिले आहे. भाषण करण्याचा सराव नाही, चुकलेमाकले पोटात घाला.

माझे माहेर पाटण तालुक्यात डोंगरावरच्या एका वाडीत. वाडीत शाळा होती ती सातवीपर्यंत. दोन गुरुजी आणि सात वर्ग. 1994 साली मी सातवी पास झाले, वर्गात दुसरी आले. हायस्कूल खाली खोऱ्यात, पायी दीड-दोन तासांवर. मध्ये ओढा, आणि पावसाळ्यात त्या ओढ्याला उतार नसायचा. आमच्या वर्गातले चार मुलगे आठवीला गेले. मुली आम्ही पाच होतो, त्यातली एकही गेली नाही. वडिलांनी मला नको म्हटले असेही नाही. कोणी विचारलेच नाही. जूनमध्ये मुलगे दप्तर घेऊन खाली उतरले आणि आम्ही भाताच्या तरव्याला लागलो. पुढे लग्न होऊन कराडला आले, तेव्हापासून पिठाची गिरणी आणि संसार. तीन मुले झाली. थोरला आता कॉलेजात आहे, मधली मुलगी दहावीला आहे, धाकटा आठवीत.

आपल्या या भागाला शिक्षणाचा वारसा मोठा आहे. रयत शिक्षण संस्था 4 ऑक्टोबर 1919 ला निघाली ती इथून जवळच, आपल्या तालुक्यातल्या काले गावी. सावित्रीबाईंचे नायगाव आपल्याच जिल्ह्यातले, आणि परवाच 3 जानेवारीला पोरींनी शाळेत त्यांची जयंती साजरी केली. पण मी आज थोरामोठ्यांविषयी बोलणार नाही. गिरणीच्या ओट्यावरून जे दिसते तेवढेच सांगते.

सकाळी सव्वासहाला पहिली तुकडी जाते, ती क्लासवाल्यांची. हिवाळ्यात तेव्हा अंधारच असतो. स्वेटर, कानटोपी, डोळे अर्धे मिटलेले. त्यात आमचीही असते. साडेआठला क्लास सुटतो, घरी येऊन अंघोळ, वेणी, दोन घास, की दहा वाजता शाळेची वाट. शाळा पावणेअकरा ते पाच. सहा ते साडेसात पुन्हा क्लास, गणिताचा. मग जेवण, मग शाळेचा अभ्यास आणि क्लासचा अभ्यास, जे दोन्ही वेगळे असतात हे मला फार उशिरा कळले. निजायला अकरा-साडेअकरा आणि उठायला पाच. मी दळणाच्या वहीत जशी किलोची बेरीज मांडते तशी एकदा तिच्या दिवसाची मांडून पाहिली. झोप भरली जेमतेम सहा तास. दवाखान्यातल्या बाई सांगतात, की या वयात आठ ते दहा तास झोप हवी, आणि रात्री लवकर झोप न येणे हा आळस नव्हे, वयात येताना अंगाचे घड्याळच पुढे सरकते. चौथीपर्यंतच्या लहान मुलांची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नये असे सरकारने 2024 साली ठरवले. मोठ्यांना कोणी विचारत नाही. ती काय, मोठी झाली!

दुसरी तुकडी साडेआठच्या सुमाराला येते. ही खेड्यावरची मुले. एस. टी. त्यांच्या गावाहून एकच येते, ती लवकर येते. शाळा उघडायला दोन तास अवकाश. मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा पास फुकट आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. मुलग्यांना भाड्याच्या तिसऱ्या हिश्शात पास मिळतो. मला विचाराल तर मुलींसाठी सरकारने जे काही केले त्यात या पासाइतके उपयोगी दुसरे थोडेच असेल. आमच्या वेळी असा पास असता आणि वाडीपर्यंत गाडी असती, तर आज मी इथे दुसऱ्या एखाद्या विषयावर बोलत असते. तर या मुली आमच्या ओट्यावर बसतात. एक दुसरीची वेणी घालते, तिसरी चौथीच्या वहीतले गणित उतरवते. उतरवताना पाहिले की मी ओरडते. मग एक म्हणते, "काकू, लाईट नव्हती रात्री." कधी खरे असते, कधी नसते. डोंगरातली मुलगी असली तर मी काही बोलत नाही.

यांचे खाणे हा तर स्वतंत्र पुराणाचा विषय आहे. आठवीपर्यंत शाळेत दुपारची खिचडी मिळते, पुस्तकेही फुकट मिळतात. नववीत गेले की दोन्ही बंद. म्हणजे ज्या वर्षी पोराचा हात-पाय ताडासारखा वाढतो, नेमकी त्याच वर्षी खिचडी थांबते. घरून डबा असतो, पण डब्याची त्यांना लाज वाटते. एका मुलीने माझ्यासमोर भाकरीची चवड कागदात गुंडाळून दप्तराच्या तळाशी घातली. "का गं?" तर म्हणे, "वर्गात सगळ्या पोळी आणतात." मी तिला म्हटले, "अगं, त्या पोळ्यांचं पीठ मीच दळते. तुझ्या ज्वारीला त्याच्यापेक्षा जास्त वास आहे." हसली, पण कागद काही काढला नाही. मुलगे डबा सरळ बाहेर काढतात, तीन मिनिटांत संपवतात आणि वडापावाच्या गाडीकडे पळतात. मुली चौघी मिळून दहा रुपयांचे कुरकुरे घेतात आणि त्यावर दुपार काढतात.

याचा परिणाम काय होतो ते सरकारी पाहणीतच आले आहे. 2019 ते 2021 या काळात देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तीत 15 ते 19 वयाच्या शंभर मुलींमागे एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणून शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, लोहाची. ती जेवणानंतर घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर मळमळते. या घेतात उपाशी, मग मळमळते, मग पुढच्या आठवड्यापासून गोळी खिडकीतून बाहेर. आपल्या घरी मुलगी असेल तर तिला आजच विचारा, गोळीचे काय करतेस. रागावून विचारू नका, नाहीतर खरे सांगणार नाही.

दप्तराचेही सांगते, कारण वजनकाटा माझ्या हाताशी असतो. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड असू नये असा सरकारचा निर्णय 2015 सालचा आहे. मी धाकट्याला काट्यावर उभे केले, अडतीस किलो. दप्तर ठेवले, सहा किलो दोनशे. आत काय आहे म्हणून उपसले तर पुस्तके, वह्या, क्लासच्या वह्या, क्रिकेटचे दोन चेंडू, एक तुटके कुलूप (का, ते त्याला सांगता आले नाही), आणि लिटरभर पाण्याची बाटली. तो शहाणा मला म्हणतो, "आई, एक किलो तर पाणीच आहे. बाटली काढ, वजन कमी होईल." मी हसले. त्या बाटलीवर पुढे मला येवढे बोलायचे आहे हे तेव्हा माहीत नव्हते.

मोबाईलविषयी सगळ्याजणी बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगते. तो मुलांच्या हातात आपणच दिला. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून अभ्यास मोबाईलवर सुरू झाला. थोरला तेव्हा दहावीला होता. गच्चीच्या पायरीवर बसून तो शिकला. माझ्या माहेरची भाचरे रेंजसाठी माळावर चढून जायची. पुढे 2021 साली दहावीची परीक्षाच रद्द झाली, नववीच्या आणि वर्षभराच्या गुणांवर निकाल लागला. पोराला चांगले गुण पडले, पण ते तो कोणाला सांगत नाही. कोणी विचारले तर "आमची परीक्षा झाली नाही" एवढेच म्हणतो. शाळा उघडल्या, पण मोबाईल परत कपाटात गेला नाही. आता शाळेचा गृहपाठही ग्रुपवर येतो, म्हणजे काढून घ्यावा तरी पंचाईत. आमच्या घरी रात्री दहाला तो पिठाच्या डब्यावर ठेवायचा असा नियम आहे. बाप धरून सगळ्यांनी. बापच जास्त वेळा मोडतो.

नववीतली मुले बापाची गाडी उडवीत जातात, तिघे तिघे बसून, त्याविषयीही एक वाक्य. 2019 साली मोटारगाडीचा कायदा बदलला. अजाण मुलाच्या हाती गाडी दिली तर आईबापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "आमचा चांगली चालवतो हो" असे कौतुकाने सांगणाऱ्या दोघीजणी समोरच बसल्या आहेत, मी नावे घेत नाही.

या मुलांना अभ्यासात मदत करणे माझ्यासारखीला कठीण. धाकटा सेमीला आहे, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. दहावीला तर गणिताचे दोन पेपर, विज्ञानाचे दोन पेपर, चाळीस-चाळीस गुणांचे. मधलीच्या पुस्तकातली आकृती मला कळते, खालचे शब्द कळत नाहीत. मग मी काय करते, तर ती अभ्यासाला बसली की शेजारी दळणाची वही घेऊन बसते. ती मान वर करते तेव्हा कोणीतरी जागे आहे एवढे तिला दिसते. एकदा ती म्हणाली, "आई, तू झोप, तुला काय कळतंय यातलं?" मला लागले. पण दुसऱ्या दिवशी मी लवकर निजले तर तिनेच येऊन पदर ओढला.

आता ज्याच्यासाठी मी खरी उभी राहिले ते सांगते. इथे आपण साऱ्या बायकाच आहोत, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

गेल्या ऑक्टोबरात मधलीला ताप भरला. थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीला आग. दवाखान्यात नेले. बाईंनी लघवी तपासायला सांगितली, जंतू निघाले. औषध लिहून देता देता त्यांनी तिला विचारले, "शाळेत पाणी किती पितेस?" ही गप्प. मी फुशारकीने म्हटले, "लिटरभराची बाटली भरून देते रोज." बाईंनी माझ्याकडे न बघता तिलाच पुन्हा विचारले, "आणि ती बाटली घरी किती भरलेली येते?" तेव्हा ती रडायला लागली.

भगिनींनो, ती बाटली रोज भरलेली परत येत होती. संध्याकाळी मीच ती मोरीत ओतत होते आणि सकाळी मीच भरत होते. माझ्या हाताला वजनाची सवय. पायलीभर धान्य उचलून मी पावशेराचा फरक सांगते. आणि रोज संध्याकाळी तीच बाटली उचलून माझ्या हाताला काही कळले नाही. मुलगी चार महिने सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हती, कारण पाणी प्यायले की मोरीला जावे लागते, आणि शाळेच्या मोरीत जावेसे वाटत नाही.

मी घरी आले ती ओट्यावरच्या मुलींना विचारायला लागले. आधी साऱ्या लाजल्या. मग एकीने आपली बाटली काढून माझ्या काट्यावर ठेवली. मग दुसरीने. गावाहून येणाऱ्या सात मुली होत्या त्या दिवशी. पाच बाटल्या संध्याकाळी सकाळच्याच वजनाच्या. एक अर्धी होती. सातवी मुलगी बाटलीच आणत नव्हती. या मुली घरून सातला निघतात आणि परतीच्या गाडीने रात्री सातला पोचतात. बारा तास! आणि पाळीचे दिवस असले तर? मी विचारले. एक म्हणाली, "काकू, त्या दिवसांत आम्ही येतच नाही." महिन्यातले तीन-चार दिवस. मी पुन्हा दळणाची बेरीज केली. वर्षाला महिनाभराहून जास्त शाळा त्या एकाच कारणाने बुडते, आणि हजेरीपत्रकात लिहिले जाते 'आजारी'.

मुलगे या बाबतीत सुटलेले. त्यांना भिंत पुरते. त्यांची बाटली दुपारी बारालाच रिकामी.

नोव्हेंबरात आपल्यातल्या आम्ही चौघी मुख्याध्यापकांना भेटायला गेलो. मनात भांडायची तयारी होती. माझे तर वाक्यही पाठ होते. पण त्यांनी आम्हांला बसवले, चहा मागवला आणि म्हणाले, "चला, आधी दाखवतो." शाळेचे नाव मी घेत नाही, आपल्या सगळ्यांची लेकरे तिथे आहेत आणि शिकवणारी माणसे चांगली आहेत. सुमारे तीनशे मुलींना मोऱ्या तीन. एकीला कुलूप, ती शिक्षिकांची. दुसरीची कडी तुटलेली, म्हणून एक मुलगी आत गेली की दुसरी दार धरून उभी राहते, आणि बाहेर मुलगे टवाळी करतात. तिसरीला कडी आहे पण पाणी नाही, वरची टाकी तडकलेली. झाडणारा शिपाई निवृत्त झाला. 2020 च्या डिसेंबरात सरकारचा निर्णय झाला तेव्हापासून अनुदानित शाळांतून शिपायांच्या कायमच्या जागा भरत नाहीत, त्याऐवजी ठोक भत्ता मिळतो, आणि तेवढ्यात पूर्ण दिवसाचे माणूस मिळत नाही. मुख्याध्यापक मान खाली घालून म्हणाले, "मी पुरुष माणूस, मुलींना विचारू कसा? आणि बाई लोकांनी मला कधी सांगितलं नाही." बाई लोक म्हणजे शिक्षिका. त्यांना वेगळी मोरी होती.

माझे पाठ केलेले वाक्य तोंडातच राहिले. मीही चार महिने बाटली ओतीत होतेच की.

तेव्हा काय झाले आणि काय नाही, हे आता नीट सांगते. टाकी डिसेंबरात नवी बसली, त्याचे पैसे शिक्षक-पालक संघाने गोळा केले. आपल्यापैकी एकीच्या यजमानांचे सुतारकाम आहे, त्यांनी दोन्ही दारांना आतून कड्या बसवल्या, मजुरी घेतली नाही. शिक्षिकांनी आपल्या मोरीचे कुलूप आपणहून काढले, हे त्यांचे मोठेपण. शाळेत सखी सावित्री समिती असते, मुलींच्या सुरक्षिततेसाठी, 2022 साली सरकारने प्रत्येक शाळेला ती नेमायला सांगितली आहे. इथे ती कागदावर होती. आता तिची एक बैठक झाली आणि मुलींनी पहिल्यांदा तोंड उघडले. केरळात 2019 सालापासून शाळांतून पाणी पिण्याची वेगळी घंटा देतात. ती घंटा ऐकली की सगळ्या मुलांनी पाणी प्यायचे. दवाखान्यातल्या बाईंनीच हे सांगितले होते. मुख्याध्यापकांनीही दिवसातून दोनदा तशी घंटा सुरू केली.

मला वाटले, झाले काम. पहिल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी बाटली काट्यावर ठेवली. पहिल्या दिवशी अर्धी. दुसऱ्या दिवशी पाव. मी पेढे वाटायच्या बेतात होते. तिसऱ्या आठवड्यात बाटली पुन्हा भरून आली. मी विचारले, "आता काय झालं? कडी आहे, पाणी आहे." म्हणाली, "आई, घाण आहे. धूतच नाही कोणी." टाकी आणि कडी एकदाच बसवावी लागते. मोरी रोज धुवावी लागते. घरातली बाई हे जाणते, पण शाळेच्या हिशेबात ते कुठे बसत नाही.

तर आता माझे मागणे. एक गरजू बाई आहेत, आपल्याच पेठेतल्या. रोज दोन वेळा, शाळा भरण्याआधी आणि मधल्या सुट्टीनंतर, तिन्ही मोऱ्या धुवायला त्या तयार आहेत. महिना तीन हजार मागतात, आणि मला ते रास्त वाटतात. शाळेला मिळणाऱ्या भत्त्यातून हजार रुपये द्यायला मुख्याध्यापक कबूल आहेत. राहिले दोन हजार. पुढच्या आठवड्यात संक्रांत आहे. आपण मंडळातर्फे रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू करतो आणि दर वर्षी वाण लुटतो. गेल्या वर्षी प्लॅस्टिकच्या चाळण्या होत्या, त्याच्या आधी साबणाच्या डब्या. माझ्या घरी अशा सात साबणाच्या डब्या आहेत. आपण एकशेवीस जणी. पन्नास रुपये वाणाचे धरले तर सहा हजार होतात. या वर्षी तिळगूळ आणि हळदीकुंकू करू, आणि वाणाचे सहा हजार त्या बाईंच्या पगाराला देऊ. तीन महिने निघतात. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात आहे. केंद्र त्याच शाळेत असते, आणि तीन तासांच्या पेपरात मुलीचे लक्ष कुठे असावे हे मी सांगायला नको.

मला ठाऊक आहे, काहीजणींना हे पटलेले नाही. वाण म्हणजे सवाष्णीच्या हातात वस्तू पडली पाहिजे, असे आजी लोक म्हणतात, आणि त्यांचा मान मी ठेवते. त्यांच्यासाठी हळदीकुंकवाची एकेक पुडी आहेच. दुसऱ्या काहीजणी म्हणतात, की हे काम सरकारचे, आपण का करायचे? तेही खरे आहे. शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज दिला आहे, चाळीस सह्या आहेत त्यावर, आणि उत्तर येईपर्यंत मी दर महिन्याला आठवण पाठवणार आहे. पण अर्जाचे उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर लघवी काही थांबत नाही. हसा, पण मुलींनी ती थांबवून धरली म्हणूनच आजारी पडल्या.

जूनपासूनचे काय, हे मलाही अजून सुटलेले नाही. गिरणीवर एक डबा ठेवावा आणि दळणामागे एक रुपया त्यात टाकावा असे माझ्या मनात होते. घरी बोलले तर हे म्हणाले, "गिरणी आहे का देवस्थान?" मी म्हटले, "देवस्थानातही मोरी लागतेच." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काट्याशेजारी तेलाचा रिकामा डबा धुऊन, वरून भोक पाडून ठेवलेला होता. परवापर्यंत त्यात एकशेचौतीस रुपये जमले होते, त्यात मुलींनी टाकलेली बरीच नाणी आहेत. ती त्यांच्या कुरकुऱ्यांतली असणार.

माझ्या मुलीने परवा मला आणखी एक सांगितले. ती म्हणाली, "आई, सतरा नंबरचा फॉर्म असतो. शाळा सुटलेल्यांनाही घरी अभ्यास करून दहावीला बसता येतं. तू बस ना." मी म्हटले, "आधी तुझी होऊ दे." ती आत गेली आणि आपली आठवीची जुनी पुस्तके फडताळातून काढून माझ्या दळणाच्या वहीवर ठेवून निघून गेली. अजून ती तिथेच आहेत. एक-दोनदा उघडली. मराठीचे पुस्तक सोपे वाटले. गणिताचे पान मात्र लवकर मिटले.

तर वाणाच्या पैशांचा ठराव अध्यक्षीणबाई आता मांडतील. हात वर करायचा की नाही ते आपापल्या मनाने ठरवा. माझ्या दळणाला लवकर नंबर लागेल म्हणून कोणी करू नये. येत्या शनिवारी शाळा सकाळची आहे. अकरा वाजता आम्ही पुन्हा मोऱ्या पाहायला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी पावणेअकराला गिरणीवर यावे. येताना आपल्या मुलीची बाटली घेऊन आलात तर काटा मोकळाच असतो.